कळांची वाट पाहताना

माझ्या भाचीचे दिवस भरून वर आठवडा उलटला, तरी तिच्या पोटात साधी कळ म्हणून आली नव्हती. ही गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातली. डिचोलीला ताईच्या घरी शेजारच्या बायका येत आणि पायरीवरूनच विचारत, "कितें गो, आजून ना?" ताई कानकोंडी होऊन म्हणे, "ना गो, आजून ना." जणू मुलगी परीक्षेला बसली होती आणि तिचा निकाल राखून ठेवला होता. शेवटी डॉक्टरांनी तपासून सांगितले की एकेचाळीस आठवडे पूर्ण होत आले, यापुढे थांबण्यात बाळाला धोका वाढत जातो, सोमवारी सकाळी दाखल व्हा, आपण कळा सुरू करू.

"कळा सुरू करू" हे ऐकून घरातल्या माणसांचा समज झाला की सकाळी नऊ वाजता औषध दिले की दुपारच्या जेवणापर्यंत बाळ हातात. जावई पेढ्यांच्या दुकानात चौकशीही करून आला. माझ्या मात्र पोटात गोळा आला. सोळा वर्षांपूर्वी मी हेच वाक्य ऐकले होते.

इस्पितळात बाळंतिणीजवळ एका बाईमाणसाला राहता येईल असे कळले, तेव्हा ताई आपोआपच पिशवी भरू लागली. पण आमची बाय (घरात तिला सगळे बायच म्हणतात) हळूच म्हणाली, "आई रडते. मावशी येऊ दे." ताईला वाईट वाटले असणार, पण तिने ते दाखवले नाही. मी कचेरीत साहेबांकडे दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली. दोन दिवस कशाला लागतात, असे साहेबांनी विचारले. मी म्हटले, "लागतात कधी कधी."

सोमवारी सकाळी दाखल झालो. सिस्टरने फॉर्म भरता भरता मला विचारले, "तुमचें बाळंतपण जालां मगो?" प्रश्न साधा होता. सरकारी इस्पितळात बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवायला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये परवानगी दिली. सोबतीण नात्यातली बाई असावी आणि शक्यतो तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे, असे त्या सूचनांत म्हटले आहे. नियम वाचायची मला सवयच आहे, आणि हा नियम मी आदल्या आठवड्यात वाचला होता. तरी उत्तर देताना माझी जीभ अडखळली. मी म्हटले, "हो. म्हणजे, सिझेर झालं."

सिस्टरने मान वर करून पाहिले. "कळो येयल्यो मगो?"

"आल्या होत्या. एक अख्खा दिवस आणि रात्र."

"मागीर जालें तर," असे म्हणून तिने फॉर्मवर खूण केली. एवढ्या वर्षांत कोणी मला असे म्हटले नव्हते.

माझा मुलगा २००७ चा. मी तेव्हा कारकून म्हणून नुकतीच कायम झाले होते. अडतिसाव्या आठवड्यात रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी कळा सुरू करायचे ठरवले. तेव्हा नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. आई, सासूबाई, नवरा सगळे बाहेरच्या बाकावर, आणि मी आत एकटी. कोणी वाईट वागले असे मी म्हणणार नाही. बायका पुष्कळ होत्या, सिस्टर दोघीच, त्यांना बसायलाही वेळ नव्हता. पण याला एक दिवस, दोन दिवसही लागू शकतात, हे एक वाक्य मला कोणीच सांगितले नाही. समोर भिंतीवर मोठे घड्याळ होते. मी त्याच्याकडे पाहत होते आणि शेजारच्या खाटांकडे. एक बाई आली, ओरडली, बाळंत होऊन गेली. तिच्या जागी दुसरी आली, तीही गेली. डॉक्टर येत, तपासत, "दोन बोटं" म्हणत आणि पुढे जात. चार तासांनी पुन्हा "दोन बोटं". रात्री केव्हा तरी मी रडून सांगितले की मला हे जमत नाही, कापा आणि काढा. पहाटे ऑपरेशन झाले. मुलगा सुखरूप होता. पण माझ्या मनाने एक नोंद करून ठेवली की मी हरले, मी मागून ऑपरेशन करून घेतले. घरात कोणी सहज म्हटले की हल्लीच्या मुलींना सोसवत नाही, की मी आतल्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसे.

ते सगळे मनात घेऊन मी बायच्या खाटेशेजारी स्टुलावर बसले होते.

पहिले काम मी केले ते डॉक्टरीणबाईंना विचारण्याचे. तरुण मुलगी होती, माझ्या भाचीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी. मी विचारले, "आता काय करणार, पुन्हा केव्हा तपासणार, आणि बाळ कसं आहे?" हे तीन प्रश्न मी घरून कागदावर लिहून नेले होते. तिने उत्तरे दिली आणि वर एक गोष्ट सांगितली, जी मी तिच्या ऋणात राहून इथे लिहिते. ती म्हणाली, "आजचा दिवस बाळंतपणाचा नाही असं धरा. आज आपण फक्त तयारी करतोय."

तयारी कसली, ते तिने समजावून सांगितले. गर्भाशयाचे तोंड नऊ महिने घट्ट मिटून असते. हाताला नाकाच्या शेंड्यासारखे कडक लागते. आपोआप कळा सुरू होतात त्याच्या आधी ते कित्येक दिवस हळूहळू मऊ पडत जाते आणि शेवटी ओठांसारखे होते. बाहेरून यातले काही दिसत नाही आणि बाईलाही फारसे कळत नाही. बायचे ते झालेलेच नव्हते. म्हणजे जे काम शरीर आठवडाभरात करते, ते औषधाने एका दिवसात करून घ्यायचे होते. ते किती झाले आहे याला गुणही देतात. एडवर्ड बिशप नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६४ मध्ये ही पद्धत मांडली. तोंड किती उघडले, किती पातळ झाले, किती मऊ आहे, कुठल्या दिशेला आहे आणि बाळाचे डोके किती खाली आले आहे, अशा पाच गोष्टींना मिळून १३ गुण. बायला सोमवारी सकाळी मिळाले ३. ती कॉलेजात कायम पहिल्या वर्गात पास झालेली. तिचे तोंड उतरले.

डॉक्टरीणबाई याला पिकणे म्हणत होत्या. इंग्रजीत तसाच शब्द आहे. मला एकदम आमच्या घरची आढी आठवली. मे महिन्यात आजोबा मानकुराद उतरवून माळ्यावर गवतात आढी घालत. आम्ही मुले दर तासाला वर चढून गवत बाजूला करून आंबे दाबून पाहत असू. आजोबा खालून ओरडत, "दाबून आंबो पिकता रे?" दाबल्याने आंबा पिकत नाही, डाग मात्र पडतो. मी हे बायला सांगितले. ती हसली. त्या दिवसात ती पहिल्यांदाच हसली. पुढचे दोन दिवस आमच्या दोघींची ती सांकेतिक भाषा झाली. कोणी तपासून गेले की ती विचारी, "आढी कशी आहे?"

अकराला पहिल्यांदा जेल लावले. फ्रिजमधले थंडगार औषध, आत तोंडाशी लावतात आणि अर्धा तास उताणे पडून राहायला सांगतात. बाळाचे ठोके पाहायला पोटावर पट्टा बांधला होता. त्या यंत्रातून येणारा धावत्या घोड्यासारखा टप टप आवाज ऐकत आम्ही पडून होतो. मग उठून बसायला, फिरायला मोकळीक मिळाली. संध्याकाळी पाचला पुन्हा तपासले. तोंड थोडे मऊ झाले होते, एक बोट कसेबसे जात होते. पुन्हा जेल.

कळा सुरू झाल्या त्या पाळीच्या वेळी दुखते तशा. कंबरेतून येत, ओटीपोटात रेंगाळत आणि जात. कधी दहा मिनिटांनी, कधी पंचवीस. बायने मोबाइलवर त्यांच्या वेळा लिहायला सुरुवात केली. तासाभराने मी तिच्या हातून मोबाइल काढून घेतला. एवढ्या बारीक कळांचा जमाखर्च ठेवून काही हाती लागत नाही, उलट प्रत्येक कळेनंतर पुढची कधी येते याची धास्ती लागते. शिवाय घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर पंधरा मिनिटांनी "काय झालं?" येत होते. मी सगळ्यांना एकच निरोप टाकला: आज रात्री काही होणार नाही, सगळ्यांनी झोपा, उद्या सकाळी कळवते. मग मोबाइल पिशवीच्या तळाशी ठेवला. घड्याळ या वेळीही समोरच्या भिंतीवर होतेच. मी बायची उशी पायथ्याकडे सरकवून तिला उलटी निजवली, तेव्हा सिस्टर म्हणाली, "हें कितें?" मी म्हटले, "घड्याळ दिसतं तिला." सिस्टरने खांदे उडवले आणि हसली.

संध्याकाळी घरून पेज आली होती, सोबत चेपणीचे तोर. खायला चालेल का ते मी आधी विचारून घेतले. हलके खायला त्यांनी अडवले नाही, आणि ते बरे झाले. मला २००७ मध्ये आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवले होते, आणि उपाशी पोटी धीर धरता येत नाही हे मला पक्के माहीत आहे. बायने वाटीभर पेज घेतली. मग आम्ही व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. बाहेर उकाडा मी म्हणत होता. कळ आली की ती माझ्या खांद्यावर हात ठेवून वाकून उभी राही आणि मी तिच्या कंबरेच्या हाडावर मूठ दाबून धरी. श्वास मोठा घ्यायचा आणि सोडताना त्याहून सावकाश सोडायचा, एवढेच. यात काही मोठी विद्या नाही. पण कळ चढत असताना सोडायचा श्वास एखाद्याने शेजारी उभे राहून आपल्याबरोबर सोडला तर सोपे जाते. एकटीला ते आठवत नाही.

दहानंतर मी तिला झोप म्हणून सांगितले. "कळा येत असताना कशी झोपू?" मी म्हटले, मधे मधे झोप, दहा मिनिटं तर दहा मिनिटं. उद्या खरं काम आहे. ती खरोखर डुलक्या घेऊ लागली. मीही स्टुलावर भिंतीला टेकले.

मध्यरात्रीनंतर तिने मला हाक मारली. शेजारच्या खाटेवर संध्याकाळी आलेली बाई नुकतीच बाळंत झाली होती आणि तिच्या बाळाचे रडणे पडद्याआडून ऐकू येत होते. बायचे डोळे भरले होते. ती पुटपुटली, "मावशे, म्हजेंच कितें तरी चुकता काय गो?"

माझेच काही चुकते आहे का. सोळा वर्षांपूर्वी मला कोणाला तरी हेच विचारायचे होते आणि विचारायला कोणी नव्हते.

मी तिला आधी आजीची गोष्ट सांगितली. म्हणजे माझ्या आजीची, तिच्या पणजीची. आजीची सगळी बाळंतपणे घरात, माजघराच्या कोपऱ्यात झाली. गावची वयजीण येई, म्हणजे मराठीत सुईण. आजी सांगायची ती गोष्ट नेहमी एकच. सकाळी भात कांडले, दुपारी कळा आल्या, दिवेलागणीला तुझा मामा. आम्हाला वाटे, पूर्वीच्या बायका अशाच असत. आजी गेल्यानंतर आईने एकदा सांगितले की आजीचे पहिले बाळंतपण तीन दिवस चालले होते आणि ते मूल जगले नाही. ती गोष्ट आजीने कधी कोणाला सांगितली नाही. लवकर झालेली बाळंतपणे बायका सांगतात. रेंगाळलेली बाळंतपणे मनातच राहतात, आणि मग पुढच्या मुलीला वाटते की अशी मी एकटीच.

मग मी तिला माझ्या फाइलची गोष्ट सांगितली. ती मी तोवर नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

इस्पितळात जायच्या आदल्या रात्री, रविवारी, मी कपाटातून माझी जुनी कागदपत्रे काढली होती. मला कोणते औषध दिले होते ते पाहावे, उद्या उपयोगी पडेल, एवढाच हेतू. मुलाच्या जन्मदाखल्याच्या खाली माझे डिस्चार्ज कार्ड होते, पिवळे पडलेले. आयुष्यभर लोकांच्या फाइली वाचून टिपण्या लिहिणाऱ्या बाईने स्वतःची फाइल सोळा वर्षे उघडली नव्हती. डॉक्टरांचे अक्षर वाचायला वेळ लागला, पण असल्या अक्षरांची मला सवय आहे. ऑपरेशनचे कारण तिथे स्वच्छ लिहिले होते. रक्तदाब औषध देऊनही वाढत गेला आणि बाळाचे ठोके उतरू लागले, म्हणून. वेळही लिहिलेली होती. माझ्या रडण्याचा, मी केलेल्या मागणीचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता. मी ओरडले नसते तरी ऑपरेशन झालेच असते, आणि झाले नसते तर आज माझा मुलगा कदाचित नसता. सोळा वर्षे मी नसलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होते आणि निर्दोष सुटल्याचा कागद माझ्याच कपाटात होता.

बाय ऐकत होती. मधे एक कळ येऊन गेली. मग ती म्हणाली, "म्हणजे चुकत नाही काही?"

"काही चुकत नाही. वेळ लागतोय. चुकणं वेगळं आणि वेळ लागणं वेगळं. आणि उद्या ऑपरेशन करावं लागलंच, तर तेही चुकणं नव्हे."

हे मी तिला सांगितले की स्वतःला, ते आता मला नक्की सांगता येणार नाही.

एक मात्र मी तिला बजावले, आणि वाचणाऱ्या बाईला किंवा तिच्या सोबतिणीलाही तेच सांगेन. शांत राहणे म्हणजे गप्प राहणे नव्हे. बाळाची हालचाल कमी वाटली, रक्त जाऊ लागले, पाणी हिरवट गेले, कळ उतरायचे नावच घेईना आणि पोट दगडासारखे राहिले, डोके दुखून डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर त्या क्षणी सिस्टरला उठवायचे. तिची झोपमोड होईल असा विचार करायचा नाही. वाट पाहायची ती ज्या गोष्टींना वेळ लागतो त्यांची. या गोष्टींना वेळ द्यायचा नसतो.

मंगळवारी सकाळी आठला तपासले. तोंड मऊ आणि पातळ झाले होते, उघडले होते तीन सेंटिमीटर. "आढी पिकली," बाय म्हणाली. डॉक्टरीणबाईंना काही कळले नाही. त्यांनी पाणमोट फोडली आणि हाताला ऑक्सिटोसिनची सलाइन लावली.

या औषधाच्या नावाची एक गंमत आहे. ऑक्सिटोसिन हा शब्द ग्रीक भाषेतून घडवला आहे आणि त्याचा अर्थ 'त्वरित जन्म'. पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते हे इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांना १९०६ मध्ये दिसले. पुढे १९५३ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण नाव त्वरित असले तरी ते द्यावे लागते थेंब मोजून. सुरुवात अगदी थोड्याने करतात आणि दर अर्ध्या तासाने वाढवत नेतात. एकदम जास्त दिले तर कळांवर कळा येतात, मध्ये विसावा उरत नाही आणि बाळाला प्राणवायू कमी पडतो. म्हणजे घाई करायच्या औषधालाही घाई करून चालत नाही.

दुपारी बाराला चार सेंटिमीटर. चारला साडेचार. ताई बाहेरून निरोप पाठवत होती, की तासाला एक सेंटिमीटर व्हायला हवे म्हणतात, मग हे काय? तिला हे कोणी तरी सांगितले होते, आणि सांगणाऱ्याचे अगदीच चूक नव्हते. इमॅन्युएल फ्रीडमन या डॉक्टरांनी १९५५ मध्ये ५०० पहिलटकरणींच्या बाळंतपणांचा आलेख काढला, आणि त्यावरून हा तासाला एक सेंटिमीटरचा हिशेब जगभर रूढ झाला. कित्येक दशके बायका त्या पट्टीने मोजल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले की ही गती सगळ्या बायकांकडून अपेक्षिणे बरोबर नाही. बाळंतपणाचा वेगवान टप्पा पाच सेंटिमीटरला सुरू होतो असे धरावे, आणि त्याआधीच्या टप्प्याला किती वेळ लागावा याचे एकच माप नाही. आई आणि बाळ ठीक असतील तर केवळ सावकाश चालले आहे म्हणून घाई करू नये. २००७ मध्ये माझ्या खाटेशी "दोन बोटं" म्हणून पुढे जाणाऱ्या डॉक्टरांना हे सांगणारे कोणी नव्हते. मला तर नव्हतेच.

मी ताईला निरोप पाठवला, "बाळाचे ठोके उत्तम. आई उत्तम. तू पेज खाऊन घे."

खरे सांगायचे तर बाय उत्तम वगैरे नव्हती. सलाइनच्या कळा आदल्या रात्रीच्या कळांसारख्या गोड नसतात. संध्याकाळी ती ओरडली, माझ्या हाताला नखे लागली, एकदा तिने मला "तू जा इथून" असेही म्हटले. मी गेले नाही. तिने वेदना कमी होण्यासाठी इंजेक्शन मागितले आणि डॉक्टरांनी दिले. आदल्या रात्री मी तिला सांगून ठेवले होते की वाटले तर मागायचे, मागण्यात कमीपणा नाही. कळांमध्ये मी तिच्या ओठांना आडसराचे पाणी लावत होते, दोन तासांनी आठवण करून लघवीला नेत होते, कुशीवर वळवत होते. शांतपणा म्हणजे ओरडू नये असे मला पूर्वी वाटे. त्या संध्याकाळी कळले की बाई ओरडत असतानाही शांत असू शकते. कळ गेली की तिचा चेहरा सैल पडतो की नाही, एवढेच पाहायचे. बायचा पडत होता. दीड मिनिटाची कळ, मग दीड-दोन मिनिटांचा विसावा. त्या विसाव्यात ती चक्क घोरली एकदा.

सहा सेंटिमीटर झाले रात्री आठला. मग मात्र जे तीस तासांत झाले नव्हते ते तीन तासांत झाले. अकराला सिस्टर म्हणाली, पूर्ण. आणि बुधवार उजाडला तेव्हा, घड्याळात बारा वाजून काही मिनिटे झाली असताना, मुलगी झाली. तिला पुसून बायच्या छातीवर ठेवले. ती रडली आणि लगेच थांबली आणि इकडेतिकडे पाहू लागली, जणू आपल्याला एवढा वेळ का लागला हे तिला कोणाला समजावून सांगायचे नव्हते.

मी बाहेर व्हरांड्यात आले तेव्हा ताई बाकावर बसून जप करीत होती. मला पाहून ती उठली, पण विचारायचे धाडस तिला होईना. मी म्हटले, "चेडूं जालें. दोघीही बऱ्या." मग ती रडली. या वेळी मीही तिच्याबरोबर रडले, कारण आता रडायला हरकत नव्हती.

कचेरीत गेल्यावर साहेबांनी विचारले, "लागले का दोन दिवस?" मी म्हटले, "पुरले."

षष्ठीच्या रात्री आम्ही बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवली, सटवी येऊन कपाळावर लिहिते म्हणून. बाय बाळाला पाजत होती. शेजारची एक नवी नवरी, चौथा महिना असलेली, कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने घाबरत विचारले, "ताई, किती वेळ लागला गो तुला?" मला वाटले, आता हीदेखील भात कांडल्याचीच गोष्ट सांगणार. पण बायने सगळे सांगितले. सोमवारची सकाळ, ३ गुण, पेज, उलटी उशी, मध्यरात्रीचे रडणे, सगळे. "दोन दिवस," ती म्हणाली, "आणि सगळं ठीक होतं. मावशी होती जवळ."

त्या रात्री घरी आल्यावर मी कपाटातून माझे पिवळे पडलेले कार्ड पुन्हा काढले आणि मुलाला दाखवले. तो तेव्हा दहावी होऊन अकरावीच्या प्रवेशाच्या गडबडीत होता. त्याने ते वाचले, वेळ पाहिली आणि म्हणाला, "आई, म्हणजे तू पूर्ण एक दिवस-रात्र?" मी म्हटले, "हो." तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग कार्ड नीट घडी घालून त्याने आपल्या जन्मदाखल्याबरोबर एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवले. अजून ते तिथेच आहे.